नव्या कार्यालयांवर तात्पुरती मर्यादा: कायद्यात काय आहे आणि प्रत्यक्षात काय घडते

आपला प्रश्न असा आहे: सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजे यांच्या मधल्या पट्ट्यातील आपल्या शहराची सिटी कौन्सिल नव्या कार्यालयीन इमारतींवर दोन वर्षांसाठी मर्यादा घालण्याच्या विचारात आहे. शहराला असा अधिकार आहे का, जमीनमालकांना भरपाई द्यावी लागेल का, आणि त्यामुळे रस्त्यावरची गर्दी आणि घरभाडी खरोखर उतरतील का? कॅलिफोर्नियातील शहरांच्या नगररचना विभागांत आणि पुढे सल्लागार म्हणून मी अनेक वर्षे हेच काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अधिकार आहे. भरपाई बहुधा द्यावी लागत नाही. गर्दी आणि भाडी यांवरचा परिणाम मात्र लोक धरून चालतात त्यापेक्षा बराच कमी असतो. याखेरीज आपण न विचारलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या भागात कार्यालयांवर 'तात्पुरती' म्हणून आलेली मर्यादा सहसा मुदत संपली म्हणून निघून जात नाही. तिचाच पुढे कायमचा नियम होतो आणि घाईत लिहिलेली पहिली वाक्ये त्यात तशीच राहतात. म्हणून दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे, असे समजून मसुद्याकडे दुर्लक्ष करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आधी कायदा पाहू. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नमेंट कोडचे कलम ६५८५८ शहरांना तातडीचा अंतरिम झोनिंग नियम, म्हणजे कोणत्या भागात काय बांधता येईल याचा तात्पुरता नियम, करण्याची मुभा देते. नव्या आराखड्याचा किंवा झोनिंगच्या फेरबदलाचा अभ्यास चालू असताना, त्या अभ्यासाला छेद देणारे भूवापर मध्येच मंजूर होऊन बसू नयेत, हा त्यामागचा हेतू. हा नियम पहिल्या खेपेला पूर्वसूचना आणि जनसुनावणी न घेताही करता येतो, पण त्यासाठी कौन्सिलच्या चार-पंचमांश सदस्यांची मते लागतात. म्हणजे पाच जणांच्या कौन्सिलमध्ये चार आणि सात जणांच्या कौन्सिलमध्ये सहा. तो ४५ दिवस टिकतो. त्यानंतर रीतसर सूचना देऊन आणि सुनावणी घेऊन १० महिने १५ दिवसांची वाढ देता येते, मग आणखी एका वर्षाची. दोन वर्षांच्या पुढे हा मार्ग बंद होतो. प्रत्येक वेळी सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता किंवा कल्याण यांना सध्याचा आणि तत्काळ धोका आहे, असा निष्कर्ष कारणांसह नोंदवावा लागतो. 'लोकांची नाराजी आहे' एवढे लिहून भागत नाही.

या कलमातली एक अट फारशी कोणी वाचत नाही. मुदत संपण्याच्या दहा दिवस आधी कौन्सिलने लेखी अहवाल द्यायचा असतो: ज्या परिस्थितीमुळे नियम करावा लागला ती सुधारण्यासाठी आतापर्यंत काय केले. मी पाहिलेल्या अशा अहवालांपैकी बरेचसे दीड-दोन पानांचे होते आणि त्यांत 'सल्लागाराची नेमणूक प्रक्रियेत आहे' यापलीकडे काही नव्हते. आपल्या शहरात हा अहवाल येईल तेव्हा तो मागवून अवश्य वाचा. अभ्यास खरोखर चालू आहे की नाही, हे त्यावरून लगेच कळते.

दुसरा मार्ग नेहमीच्या प्रक्रियेचा. साध्या बहुमताने झोनिंगचा नियम करायचा, त्याची दोन वाचने, म्हणजे दोन बैठकांत मंजुरी, घ्यायची आणि नियमातच समाप्तीची तारीख लिहायची. याला वेळ लागतो, पण चार-पंचमांश मतांची अट नसते. कार्यालयांसारख्या वादग्रस्त विषयावर कौन्सिल दुभंगलेली असते तेव्हा हाच मार्ग व्यवहार्य ठरतो.

भरपाईच्या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल जोडीने वाचावे लागतात. लॉस एंजेलिस काउंटीतील एका चर्चच्या प्रकरणात न्यायालयाने १९८७ मध्ये सांगितले की, एखाद्या निर्बंधाने मालमत्ता घेतल्यासारखीच स्थिती झाली असेल, तर तो निर्बंध पुढे मागे घेतला तरी मधल्या काळाची भरपाई द्यावी लागते. त्यामुळे शहरे काही काळ धास्तावली होती. २००२ मध्ये टाहो सरोवराच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की, नियोजनाच्या अभ्यासासाठी घातलेली ३२ महिन्यांची बांधकामबंदी केवळ बंदी आहे एवढ्यावरून भरपाईस पात्र ठरत नाही. प्रत्येक प्रकरणातील परिस्थिती तपासावी लागते. कार्यालयांवरील मर्यादा त्याहून सौम्य असते, कारण त्या जमिनीवर घरे, दुकाने किंवा आहे तो वापर चालू ठेवता येतो. त्यामुळे भरपाईच्या धमकीची पत्रे येतील, पण तेवढ्याने कौन्सिलने मागे सरण्याचे कारण नाही.

खरी लढाई वेगळ्याच रेषेवर होते: कोणता प्रकल्प नियमाच्या आधीचा आणि कोणता नंतरचा. कॅलिफोर्नियात केवळ जमीन विकत घेतली, वास्तुविशारदाची फी दिली किंवा अर्ज दाखल केला म्हणून जुन्या नियमांखाली बांधण्याचा हक्क मिळत नाही. १९७६ च्या आव्को प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे ठाम केले की, बांधकाम परवाना हाती असला पाहिजे आणि त्याच्या भरवशावर लक्षणीय काम झालेले असले पाहिजे. हा निकाल विकासकांना इतका जाचक वाटला की, पुढे विधिमंडळाने शहराशी विकास करार करून किंवा भूखंडांचा विशेष नकाशा मंजूर करून घेऊन जुन्या नियमांखालचा हक्क आधीच पक्का करण्याची सोय करून दिली. थोडक्यात, कायदा शहराच्या हाती बराच लगाम देतो. तरीही बहुतेक शहरे 'अमुक तारखेपर्यंत ज्यांचे अर्ज परिपूर्ण ठरले त्यांना सूट' असे लिहितात, आणि त्या तारखेची चर्चा दोन महिने आधीपासून जाहीर सभांत चालू असते. मग अर्जांची रीघ लागते. मर्यादा लागू होईपर्यंत पुढच्या तीन-चार वर्षांचे बांधकाम रांगेत जाऊन बसलेले असते आणि नियम ज्या काळासाठी केला, त्या काळात रस्त्यावर उलट अधिक क्रेन दिसतात.

आता प्रत्यक्ष उदाहरणांकडे येतो. आपल्या पट्ट्यात सर्वांत बोलके उदाहरण पालो अल्टोचे आहे. या शहरात नोकरी करणाऱ्या रहिवाशांच्या सुमारे तिप्पट नोकऱ्या आहेत, म्हणजे रोज सकाळी शहराच्या लोकसंख्येहून मोठा लोंढा बाहेरून येतो. तिथल्या डाउनटाउनच्या १९८६ च्या अभ्यासानंतर बिगरनिवासी वाढीवर ३,५०,००० चौरस फुटांची एकूण मर्यादा घातली गेली होती. २०१५ पर्यंत तंत्रज्ञान कंपन्यांची मागणी इतकी वाढली की, युनिव्हर्सिटी अव्हेन्यूच्या आसपास तळमजल्यावरची दुकाने उठून तिथे कार्यालये येऊ लागली. त्या वर्षी मे महिन्यात कौन्सिलने तातडीच्या नियमाने तळमजल्यावरील दुकानांचे कार्यालयांत रूपांतर थांबवले, आणि शरद ऋतूत दुसरा नियम केला: डाउनटाउन, कॅलिफोर्निया अव्हेन्यू आणि एल कामिनो रिअल या तीन भागांत मिळून वर्षाला निव्वळ ५०,००० चौरस फूट नवी कार्यालये आणि संशोधन जागा, त्याहून अधिक नाही.

हा 'निव्वळ' शब्द नीट लक्षात घ्यावा. समजा एखाद्या मालकाने १२,००० चौरस फुटांचे जुने कार्यालय पाडून ४०,००० चौरस फुटांची इमारत प्रस्तावित केली, तर मर्यादेत २८,००० चौरस फूटच धरले जातात. जुनी जागा कार्यालयाऐवजी दुकानाची असेल, तर पूर्ण ४०,००० मोजले जातात. एकाच रस्त्यावरच्या दोन शेजारी भूखंडांचे मूल्य या एका मोजणीने वेगळे होते. पालो अल्टोने लहान कार्यालये आणि लहान दवाखाने यांना सूट दिली होती, आणि स्टॅनफर्ड रिसर्च पार्क, जिथे शहरातील फार मोठा नोकरवर्ग काम करतो, तो संपूर्णपणे या वार्षिक मर्यादेबाहेर ठेवला होता. विद्यापीठाच्या जमिनीवरचे हे संकुल वाहतुकीचे स्वतःचे उपाय राबवील, अशी त्यामागची भूमिका होती. मला ती पूर्णपणे पटलेली नाही. ज्या लोंढ्यामुळे नियम करावा लागला, त्याचा मोठा हिस्सा तिथेच जातो.

एका वर्षात अर्ज ५०,००० च्या वर गेले, तर कौन्सिल त्यांची तुलना करून निवड करील, अशी योजना होती. वाहतूक आणि पार्किंगवरचा भार, इमारतीची रचना, पर्यावरण, लोकोपयोगी लाभ, घरांसह मिश्र वापर असे निकष ठरवले गेले. त्यावर कितीतरी रात्री चर्चा झाली. प्रत्यक्षात पहिल्या दोन्ही वर्षांत मर्यादा गाठलीच गेली नाही आणि ही स्पर्धा कधी घ्यावीच लागली नाही. काहींनी यावरून निष्कर्ष काढला की नियम निरुपयोगी होता. माझे मत वेगळे आहे. ज्या विकासकाला वर्षभर थांबून शेवटी नकार मिळण्याची शक्यता दिसते, तो मुळात अर्जच करत नाही, शेजारच्या सनीव्हेलमध्ये जमीन शोधतो. मर्यादेचा परिणाम मंजुरीच्या आकड्यांत दिसत नसला, तरी न आलेल्या अर्जांत तो असतोच.

२०१८ मध्ये ही 'अंतरिम' मर्यादा पालो अल्टोने कायम केली. स्पर्धा काढून 'आधी येईल त्याला आधी' ही पद्धत ठेवली, आकडा मात्र तोच राहिला. त्याच वर्षी नागरिकांनी सह्या गोळा करून असा प्रस्ताव आणला की, २०३० पर्यंतच्या आराखड्यातील कार्यालयीन वाढीची एकूण मर्यादा १७ लाख चौरस फुटांवरून साडेआठ लाखांवर आणावी, आणि कौन्सिलने तो मतदानाला न लावता जुलैमध्ये स्वतःच स्वीकारला.

सॅन फ्रान्सिस्कोचा इतिहास याहून जुना आहे आणि तो याच वळणाने गेला. सत्तरच्या दशकात बँक ऑफ अमेरिका आणि ट्रान्सअमेरिका पिरॅमिडसारखे मनोरे उभे राहिल्यावर 'शहराचे मॅनहॅटन होऊ देणार नाही' ही घोषणा तिथे घरोघरी पोचली होती. १९८५ च्या डाउनटाउन आराखड्याने मनोऱ्यांचे चटईक्षेत्र घटवले, जुन्या वास्तू वाचवण्यासाठी हस्तांतरणीय विकास हक्क (न वापरलेले बांधकामाचे हक्क दुसऱ्या भूखंडासाठी विकण्याची मुभा) दिले, जे मुंबईकरांना पुढे टीडीआर या नावाने चांगलेच परिचित झाले, आणि तीन वर्षांसाठी कार्यालयांवर वर्षाला ९,५०,००० चौरस फुटांची मर्यादा घातली. तीन वर्षे पुरी होण्याची कोणी वाट पाहिली नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये प्रोपोझिशन एम, म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव, थोडक्या मतांनी संमत झाले आणि मर्यादा कायमची झाली. इतकेच नव्हे, तर आधी मंजूर झालेल्या इमारतींचा अनुशेष वजा व्हावा, म्हणून प्रत्यक्षातली मर्यादा अनेक वर्षे ४,७५,००० एवढीच ठेवली गेली. आधीच्या रांगेवर आपण वर बोललो. तिच्यावरचा हा उपाय मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटतो.

त्या नियमाने २५,००० चौरस फुटांपेक्षा लहान इमारती मोजणीतून वगळल्या आणि ५०,००० पर्यंतच्या इमारतींसाठी वर्षाला ७५,००० चौरस फुटांचा वेगळा कोटा ठेवला. याचा परिणाम कोणत्याही नगररचनाकाराला आधीच सांगता आला असता: नेमक्या ४९,९९९ चौरस फुटांचे नकाशे दाखल होऊ लागले. उंबरठा जिथे आखाल तिथे बरोबर त्याच्या एक फूट आत अर्ज येतात. म्हणून आपल्या शहराच्या मसुद्यात सूट किती चौरस फुटांपर्यंत आहे, आणि एकाच मालकाचे लगतचे भूखंड एकत्र मोजले जाणार आहेत की वेगवेगळे, हे आधी पाहावे.

आता गर्दी आणि भाडी. कार्यालयाची मर्यादा चौरस फुटांत असते. रस्त्यावर गाड्या आणतात माणसे. पालो अल्टोच्या पार्किंगच्या नियमात २५० चौरस फुटांमागे एक गाडी धरलेली आहे, कारण पूर्वी एका कर्मचाऱ्याला साधारण तेवढी जागा लागत असे. स्वतंत्र खोल्या, फाइलींची कपाटे, मोठी टेबले असलेल्या वकिलांच्या किंवा हिशेबनिसांच्या कार्यालयात तो हिशेब जुळे. त्याच मजल्यावर एखादी नवी सॉफ्टवेअर कंपनी लांब टेबले टाकते, तेव्हा माणशी १५० चौरस फूट किंवा त्याहूनही कमी जागा उरते. एक वीटही नवी न रचता दहा हजार चौरस फुटांच्या मजल्यावर ४० ऐवजी ६५-७० माणसे बसू लागतात आणि कोणत्याही परवान्याची गरज पडत नाही. नव्या बांधकामावरची मर्यादा या बदलाला हातही लावू शकत नाही. उलट नवी जागा मिळेनाशी झाली की, जुन्या जागेत अधिक माणसे कोंबली जातात.

घरभाड्यांबाबत तर अपेक्षा फारच जपून ठेवावी. नोकऱ्या वाढण्याचा वेग एका शहराने मंदावला, तरी त्या नोकऱ्या पाच-दहा मैलांवर उभ्या राहतात आणि तिथले कर्मचारी याच पट्ट्यात घरे शोधतात. घरभाडे सिलिकॉन व्हॅलीच्या संपूर्ण खोऱ्यातील घरे आणि नोकऱ्या यांच्या प्रमाणावर ठरते. मर्यादेचा खात्रीने लाभ होतो तो आधीच उभ्या असलेल्या कार्यालयांच्या मालकांना, कारण त्यांचे प्रतिस्पर्धी कमी होतात. लंडनने हे फार पूर्वी अनुभवले आहे. नोव्हेंबर १९६४ मध्ये ब्रिटिश सरकारने तिथल्या नव्या कार्यालयांवर निर्बंध आणले, तेव्हा बांधून झालेल्या किंवा आधी मंजूर झालेल्या इमारतींचे भाव वाढले. त्याच काळात पूर्ण झालेला सेंटर पॉइंट हा मनोरा मालकाने अनेक वर्षे रिकामा ठेवला, तरी त्याचे नुकसान झाले नाही.

मग शहरे हा मार्ग का धरतात? कारण त्याआधी त्यांनी कार्यालयांना फार सढळ हाताने जागा दिलेली असते. १९७८ च्या प्रोपोझिशन तेराने मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला आणि वार्षिक वाढ दोन टक्क्यांच्या आत ठेवली. घरे आली की शाळा, उद्याने, अग्निशमन यांचा खर्च येतो. कार्यालये आली की कर येतो आणि संध्याकाळी माणसे आपल्या गावी परततात. चार दशके हा हिशेब करून शहरांनी कार्यालयांसाठी जमीन राखली आणि घरांसाठी राखली नाही. म्हणूनच मला वाटते की, कार्यालये रोखण्याचा नियम आणि घरांसाठी झोनिंग बदलण्याचा नियम एकाच बैठकीत यायला हवेत. मध्यंतरीच्या दोन वर्षांत दुसरे काम झाले नाही, तर पहिल्याने काहीही साधत नाही.

हे शक्य आहे, हे शेजारच्या माउंटन व्ह्यू शहराने दाखवले. गुगलच्या परिसरातील नॉर्थ बेशोअरसाठी २०१४ मध्ये केलेल्या आराखड्यात तिथे नवी कार्यालये मान्य करताना शहराने त्या भागात येणाऱ्या गाड्यांच्या संख्येवरच मर्यादा घातली, म्हणजे चौरस फुटांऐवजी थेट गर्दी मोजली. पुढे २०१७ मध्ये त्याच भागात ९,८५० घरांना वाव दिला. ती सगळी घरे झटकन उभी राहिलेली नाहीत, हे खरे. तरीही मोजमाप कशाचे करावे, याचे उत्तर माझ्या मते त्यांना पालो अल्टोपेक्षा अधिक बरोबर सापडले. सॅन फ्रान्सिस्कोनेही मार्च २०२० मध्ये प्रोपोझिशन ई संमत करून कार्यालयांचा वार्षिक कोटा परवडणाऱ्या घरांच्या बांधणीशी जोडला. नेमकी त्याच महिन्यात महामारीमुळे कार्यालये बंद झाली आणि काही वर्षांत शहरातील एक तृतीयांशाच्या आसपास कार्यालयीन जागा रिकामी पडली. कायमच्या मर्यादेवर बाजार असा उलटू शकतो, म्हणून दर काही वर्षांनी फेरविचाराची सक्ती नियमात लिहिलेली असावी, असा माझा आग्रह असतो.

आपण मूळचे मुंबईचे आहात, म्हणून एक उल्लेख करतो. १९७७ मध्ये तेव्हाच्या बीएमआरडीएने (आजची एमएमआरडीए, मुंबई महानगर प्रदेशाचे विकास प्राधिकरण) बेटावरील मुंबईत नवी कार्यालये आणि घाऊक व्यापार यांच्या वाढीवर निर्बंध घातले आणि त्याच वर्षी वांद्रे-कुर्ला संकुलाच्या नियोजनाची जबाबदारी स्वतःकडे घेतली. एका हाताने नरिमन पॉइंटकडचा ओघ अडवायचा आणि दुसऱ्या हाताने त्याला पर्यायी जागा द्यायची, ही कल्पना उत्तम होती. पण संकुल खऱ्या अर्थाने भरायला दोन दशकांहून अधिक काळ गेला आणि तिथे येणाऱ्या नोकरदारांच्या प्रमाणात जवळ घरे झाली नाहीत. कुर्ला आणि वांद्रे स्थानकांबाहेरच्या रिक्षांच्या रांगा ते रोज दाखवतात. कॅलिफोर्नियासारखी ४५ दिवसांची मुदतबंद तरतूद महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये नाही. तिथे कलम ३७ खालचे फेरबदल आणि कलम १५४ खालचे राज्य शासनाचे निर्देश यांवर काम चालते, म्हणजे निर्णय शहरापेक्षा मंत्रालयात होतो.

आपल्या शहराच्या मसुद्यात मी स्वतः प्रथम कार्यालयाची व्याख्या शोधीन. संशोधन प्रयोगशाळा, बँकेची शाखा, दंतवैद्याचा दवाखाना, सहा जणांची सल्लागार फर्म, दुकानाच्या मागच्या खोलीतली संगणकाची टेबले, यांपैकी काय 'कार्यालय' आहे, हे स्पष्ट नसेल, तर पुढची दोन वर्षे परवाना खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला ते रोज ठरवावे लागेल आणि प्रत्येक जण वेगळे ठरवील. त्यानंतर आधीच्या अर्जांना सूट देणारी तारीख, रांगेतल्या प्रकल्पांची वजावट, वापरबदलावर नियंत्रण आहे की फक्त नव्या बांधकामावर, आणि घरांच्या झोनिंगचे वेळापत्रक जोडले आहे का, हे पाहीन.

आपले म्हणणे सुनावणीपूर्वी किंवा सुनावणीतच लेखी नोंदवा. कलम ६५००९ प्रमाणे झोनिंगच्या निर्णयाला आव्हान देण्याची मुदत साधारण ९० दिवसांची असते, आणि पुढे कोणी न्यायालयात गेले, तर सामान्यतः सुनावणीत मांडलेलेच मुद्दे तिथे मांडता येतात. तीन मिनिटांच्या भाषणात व्याख्येचा मुद्दा नीट बसत नाही. सिटी क्लार्कच्या कार्यालयात पत्र द्या, त्यात मसुद्याच्या कलमांचे क्रमांक लिहा आणि पोच घ्या.